‘तोंड आलें’ या दोन शब्दांआड

मराठी घरांत ‘तोंड आलें’ हे दोन शब्द फार जुने रहिवासी आहेत. मुलाच्या ओठाच्या आंतल्या बाजूस पांढरी पुळी उठली, तर तोंड आलें. परीक्षेच्या दिवसांत जागरणें झालीं, तर तोंड आलें. पोट साफ नसलें, तर तोंड आलें. आणि पंधरा वर्षें तंबाखू चघळलेल्या माणसाच्या गालांत न भरणारी जखम झाली, तरीहि तोंड आलें. कारणहि ठरलेलें असतें : उष्णता. उपायहि ठरलेले : सब्जा भिजवून घ्यावा, ज्येष्ठमध चघळावा, गुलकंद खावा, रात्रीं निजतांना तूप लावावें, आणि फारच झालें तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानांतून ‘बी-कॉम्प्लेक्स’च्या गोळ्या आणाव्या. पहिल्या तीन प्रसंगीं या उपायांनीं, किंवा उपायांवांचूनहि, आठ-दहा दिवसांत तोंड बरें होतें, आणि उपायांवरील श्रद्धा दृढ होते. चौथ्या प्रसंगीं मात्र हीच श्रद्धा घातक ठरते. कारण गुलकंदाच्या बरणीवर जे महिने जातात, ते रोगाच्या खात्यांत जमा होत असतात.

नाशिकचें इंदिरानगर ही मुंबई-आग्रा महामार्गालगतची वस्ती. बंगले, गृहरचना संस्था, पहांटे ‘जॉगिंग ट्रॅक’वर फिरणारीं सुशिक्षित माणसें, आणि जवळच अंबडची औद्योगिक वसाहत. अशा वस्तींत डॉक्टरांचा तुटवडा नसतो. येथील एखाद्या संस्थेच्या फाटकावर बसणारा पहारेकरी डोळ्यांसमोर आणावा. वय चौतीस-पस्तीस, रात्रपाळीची झोप मारण्यासाठीं सुपारी-तंबाखूचा मावा सदैव गालांत. गेलें वर्षभर त्याला तिखट सोसत नाहीं. प्रथम भाकरीबरोबरचा ठेचा सुटला. पुढें पाणीपुरी एका घासांत जाईनाशी झाली. आतां तर जांभईहि पुरती देतां येत नाहीं. औषधाच्या दुकानांतून त्यानें तीनदां गोळ्या नेल्या. ताप आला तेव्हां तो दवाखान्यांतहि गेला. तेथें घसा पाहण्यासाठीं ‘आ करा’ म्हटलें गेलें, तोंड अर्धेंच उघडलें, आणि बॅटरीचा उजेड त्या अर्ध्या फटींतून सरळ घशाकडे गेला. गालाकडे वळला नाहीं. रोगी, औषधविक्रेता आणि वैद्य या तिघांसमोर रोग उभा होता, आणि तिघांपैकीं एकालाहि तो दिसला नाहीं.

या रोगाचें शास्त्रीय नांव ‘ओरल सबम्यूकस फायब्रोसिस’. नांव अवघड असलें तरी आंत काय घडतें तें समजण्यास कठीण नाहीं. गालाच्या आंतील मऊ अस्तराखालीं तंतूंचा थर असतो. त्यांतले जुने तंतू झिजतात, नवे होतात, आणि गाल लवचिक राहतो. सुपारींतील आरेकोलीन नांवाचें द्रव्य तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना चेतवितें, आणि तयार झालेल्या तंतूंची नेहमींची झीजहि मंदावते. आवक वाढली आणि जावक थांबली म्हणजे कोठाराची जी अवस्था होते, तीच गालाची होते. अस्तर संगमरवरासारखें पांढुरकें पडतें, बोट फिरविलें तर आंत दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात, पडजीभ आखडते, जीभ बाहेर काढणें जड जातें, आणि हळूहळू तोंडाचें दार मिटूं लागतें. ठणका असा नसतो, आग असते, तीहि तिखट खाल्लें तरच. माणूस तिखट सोडतो आणि रोग बरा झाला असें समजतो.

हा रोग नवा नव्हे, परंतु त्याची शास्त्रीय ओळख मात्र अलीकडची आहे. १९५२ मध्यें श्वार्ट्झ या वैद्यानें केनियांतील पांच भारतीय स्त्रियांच्या तोंडांचें वर्णन केलें, आणि १९५३ मध्यें मुंबईचे डॉ. एस्. जी. जोशी यांनीं आपल्या देशांतील रोग्यांवरून त्याला आजचें नांव दिलें. त्यापूर्वींच्या कित्येक पिढ्यांतील आखडलेलीं तोंडें वयाच्या, वाताच्या किंवा अक्कलदाढेच्या नांवें खर्चीं पडलीं असलीं पाहिजेत. पुढें केरळांतील एर्नाकुलम् जिल्ह्यांत अशा ६६ रोग्यांवर १७ वर्षें लक्ष ठेवण्यांत आलें, त्यांतील ७.६ टक्क्यांना मुखाचा कर्करोग झाला. म्हणजे तोंड आखडणें हा नुसता खाण्यापिण्याचा त्रास नव्हे. तो पुढील संकटाचा आगाऊ आलेला निरोप आहे.

आणि तें संकट लहान नाहीं. २०२२ या एका वर्षीं जगांत मुखकर्करोगाचे सुमारें ३,८९,८०० नवे रोगी आढळले. त्यांपैकीं सुमारें १,२०,२०० जणांचा रोग चघळण्याच्या तंबाखूमुळें व सुपारीमुळें झाला, आणि त्यांतले ८३,४०० एकट्या भारतांतले, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. महाराष्ट्राविषयीं बोलावयाचें तर २०१६-१७ च्या पाहणींत राज्यांतील प्रौढांपैकीं २४.४ टक्के लोक धूर न काढतां तंबाखूचें सेवन करतांना आढळले. ओढणारे केवळ ३.८ टक्के. विडी-सिगारेटविरुद्ध बोलणारीं घरें पुष्कळ आहेत. गालांतल्या गोळीकडे पाहणारीं थोडीं.

सुपारीची गोष्ट तर आणखी नाजूक. ती पूजेंत गणपतीच्या जागीं बसते, ओटींत पडते, लग्न ठरलें कीं फुटते. जेवणानंतर तबकांत ती आली नाहीं तर पाहुण्याला चुकल्यासारखें होतें. तंबाखू वाईट हें सर्वांस ठाऊक आहे. पण तंबाखूचा कणहि नसलेली सुपारी स्वतःच कर्करोगास कारण होते, हा त्याच संस्थेचा निर्णय २००४ च्या ग्रंथांत छापला गेला असूनहि आपल्या दिवाणखान्यापर्यंत पोंचलेला दिसत नाहीं. पूजेंतल्या सुपारीवर कोणाचा आक्षेप असण्याचें कारण नाहीं; देव ती चघळीत नाहींत. आक्षेप आहे तो शाळकरी मुलाच्या खिशांतील गोड वासाच्या सुपारीच्या पुडीवर. महाराष्ट्रानें २००२ मध्यें गुटख्यावर बंदी घातली, ती २००४ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत टिकली नाहीं. २०१२ मध्यें नव्या अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारें ती पुन्हा घालण्यांत आली. कायद्यानें पुडी महाग झाली, लपली, पण गालांतून गेली नाहीं. म्हणून शेवटीं प्रश्न उरतो तो गाल पाहणाऱ्याचा.

दारापर्यंत येऊन हा गाल पाहूं शकेल अशी व्यक्ती शासनानें नेमलेली आहे. आशा कार्यकर्ती घरोघर जाते; तिच्या पाठीमागें आरोग्यसेविका आणि आरोग्य केंद्रांतला वैद्य असतो. २०१६ पासून तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची दर पांच वर्षांनीं एकदां मुखतपासणी व्हावी असें केंद्र शासनाचें धोरण आहे. आशा जो तक्ता भरते, त्यांत तोंड उघडण्यास त्रास होतो काय, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे काय, पांढरा किंवा लाल चट्टा आहे काय, चावतांना दुखतें काय, आवाज बदलला आहे काय, असे नेमके प्रश्न आहेत. प्रश्न उत्तम आहेत. परंतु कागदावरचा प्रश्न आणि दारांत उभें राहून विचारलेला प्रश्न यांत फार अंतर असतें, आणि ज्ञान व कौशल्य यांतला भेद येथेंच उघडा पडतो.

एक प्रसंग पुष्कळ घरांत घडतो.

“काकू, तंबाखू खातां का?”

“छे ग बाई! आमच्या घरांत कुणी शिवत नाहीं.”

तक्त्यांत ‘नाहीं’ लिहिलें जातें, आणि कार्यकर्ती पुढल्या दाराशीं जाते. परंतु जी अनुभवानें शहाणी झाली आहे, ती दारांतच थोडी टेकते, पाणी मागते आणि सहज विचारते, “काकू, सकाळीं दांतांना काय लावतां हो?”

“मशेरी. तिच्यावांचून पोटच साफ होत नाहीं बघ.”

मशेरी म्हणजे तव्यावर जाळून काळी केलेल्या तंबाखूची पूड. पण लावणारीच्या लेखीं ती तंबाखू नव्हे, दांतवण आहे. ती खोटें बोलली नाहीं. प्रश्नच तिच्या भाषेंत विचारला गेला नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधन विभागाचे डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी यांनीं पुणें जिल्ह्यांतील १,०१,७६१ ग्रामस्थांचीं तोंडें तपासून तो वृत्तान्त १९७२ मध्यें प्रसिद्ध केला. महाराष्ट्राला आपल्या तोंडाची ओळख पटविणारें तें एक थोर काम होय. मशेरीची संवय खेड्यांतून आलेल्या घरकामाच्या बायकांबरोबर शहरांतहि आली आहे. सुशिक्षित घरांच्या ओट्यावर भांडीं घासणाऱ्या कित्येक मावशींच्या कनवटीला तिची डबी असते.

प्रश्नानंतर परीक्षा. मुखपरीक्षेला यंत्र लागत नाहीं. चांगला उजेड, हातमोजा, कापडाची घडी आणि दोन लांकडी पट्ट्या एवढें साहित्य पुरतें. रोग्याला खिडकीकडे तोंड करून बसवावें; कवळी असली तर काढावयास लावावी, चूळ भरावयास सांगावी. मग क्रम चुकूं देऊं नये. आधीं ओठ बाहेरून आणि उलटून आंतून, मग एक गाल, मग दुसरा, अगदीं दाढांच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत, कारण गोळी जेथें ठेवतात तेथेंच रोग दडतो, मग हिरड्या, मग जीभ कापडांत धरून उजवी-डावी कड, मग जीभ टाळूला लावून तिच्याखालची जागा, शेवटीं टाळू आणि पडजीभ. नजरेनें पाहून झालें म्हणजे बोटानें चांचपावें. जें डोळ्याला साधें दिसतें, तें बोटाला कधीं कधीं टणक लागतें. मानेवर गांठ आहे काय तेंहि पाहावें. पांढरा थर कापडानें पुसला गेला तर तो बहुधा बुरशीचा. पुसला न गेला तर चट्टा समजावा. पांढऱ्या चट्ट्यापेक्षां मखमलीसारखा लाल चट्टा अधिक भयंकर, ही गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. आणि दुखत नाहीं म्हणून जखम साधी, हा समज तर समूळ चुकीचा. आरंभींची कर्करोगाची जखम बहुधा दुखतच नाहीं.

तोंड किती उघडतें हें मोजण्याची एक घरगुती रीत आहे. रोग्यानें स्वतःच्याच हाताचीं मधलीं तीन बोटें एकावर एक उभीं धरून पुढच्या दांतांमध्यें घालावीं. तीन गेलीं तर ठीक. दोनच गेलीं तर पुढील तपासणीला पाठवावें. एकच गेलें तर आजवर ज्यांनीं त्या माणसाला पाहिलें, त्या सर्वांना विचारावें कीं, आपण पाहिलें तरी काय?

एवढें साधें काम वैद्यक न शिकलेल्या माणसाला साधतें काय? या शंकेला उत्तर मिळून कित्येक वर्षें झालीं. श्रीलंकेंत १९८४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ३४ आरोग्यसेविकांनीं एका वर्षांत २८,२९५ माणसांचीं तोंडें पाहिलीं. केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत १९९६ पासून वैद्यक न शिकलेल्या पदवीधरांना ही परीक्षा शिकवून घरोघर पाठविण्यांत आलें. २००५ मध्यें निष्कर्ष आला, तो असा कीं, तंबाखू किंवा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यु तपासणीच्या गांवांत इतर गांवांपेक्षां ३४ टक्क्यांनीं कमी झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयानें दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना गर्भाशयमुखाची तपासणी शिकविली, आणि तेथेंहि मृत्यूंत सुमारें ३१ टक्के घट दिसली. तेव्हां उणीव बुद्धीची नाहीं, पदवीचीहि नाहीं. पुनःपुन्हा हात धरून शिकविण्याची आहे. एका दिवसाच्या प्रशिक्षणवर्गांत पडद्यावर दाखविलेलीं चित्रें संध्याकाळपर्यंत पुसट होतात. शंभर निरोगी गाल पाहिल्याखेरीज एक रोगट गाल ओळखूं येत नाहीं, आणि ते शंभर गाल पाहतांना शेजारीं जाणता दंतवैद्य असावा लागतो.

श्रीलंकेच्या त्याच प्रयोगांत एक अप्रिय गोष्टहि निघाली. ज्यांना पुढील तपासणीस पाठविलें, त्यांतले जवळजवळ निम्मे गेलेच नाहींत. हा आंकडा आपल्याकडील प्रत्येक आरोग्यकर्मचाऱ्यानें डोळ्यांसमोर ठेवण्याजोगा आहे. ‘सिव्हिलला दाखवा’ एवढें म्हटल्यानें माणूस सिव्हिलला जात नाहीं. रोजंदारी बुडते, रांगेची धास्ती असते, आणि ‘कॅन्सर’ हा शब्द कानीं पडला तर भीतीनेंच पाय मागें येतात. म्हणून कोणत्या वारीं जावें, कोणत्या खोलींत जावें, बरोबर कोण येईल, हें सांगणें हासुद्धां वैद्यकीय कौशल्याचाच भाग मानला पाहिजे. शब्दहि जपून वापरावे लागतात. ‘तुम्हांला कर्करोग असेल’ म्हणणारी रोगी गमावते. ‘कांहीं नाहीं, काळजी करूं नका’ म्हणणारीहि गमावते. ‘दादा, ही जखम पंधरा दिवसांत भरावयास हवी होती, ती कां भरली नाहीं हें पाहूं या,’ असें म्हणणारी बहुधा रोगी राखते.

डॉक्टरांच्या शिक्षणाकडेहि वळलें पाहिजे. दांत दंतवैद्याचे, घसा कानाच्या वैद्याचा, पोट फिजिशियनचें. या वांटणींत गाल कोणाच्याच वांट्याला आला नाहीं. योगायोग असा कीं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकलाच आहे. ॲलोपथीचा वैद्य, आयुर्वेदाचा वैद्य, दंतवैद्य, परिचारिका, या सर्वांच्या परीक्षा तें घेतें. एका छताखालीं इतकीं शास्त्रें नांदत असतांना, परिचारिकेच्या प्रात्यक्षिक परीक्षेंत रक्तदाब मोजण्याइतकीच मुखपरीक्षाहि सक्तीची व्हावी, अशी अपेक्षा अवास्तव म्हणतां येणार नाहीं. विद्यार्थी परीक्षेला येतें तेंच शिकतात; याबद्दल त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं.

मुखरोगांच्या उपेक्षेचें सर्वांत दारुण उदाहरण नोमा या रोगाचें आहे. उपासमारीनें खंगलेल्या, गोंवरासारख्या दुखण्यांतून नुकत्याच उठलेल्या दोन ते सहा वर्षांच्या मुलाच्या हिरडीला लहानशी जखम होते. आठवड्याभरांत ती गाल आणि हाड खाऊन टाकते. उपचारांवांचून दहांपैकीं नऊ मुलें दगावतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आरंभीं मात्र साधीं प्रतिजैविकें, तोंडाची स्वच्छता आणि पोटभर आहार एवढ्यावर मूल वांचतें. या रोगाला उपेक्षित रोगांच्या अधिकृत यादींत जागा मिळाली ती डिसेंबर २०२३ मध्यें! तो मुख्यतः आफ्रिकेंतल्या दरिद्री प्रदेशांत आढळतो. परंतु जेथें कुपोषण आहे तेथें सावध राहावेंच लागतें. नाशिक जिल्ह्यांतल्याच सुरगाणा-पेठेकडील अंगणवाड्यांत मुलांचें वजन घेतात, उंची घेतात, दंडाचा घेर मोजतात. त्याच वेळीं ओठ वर उचलून हिरडी पाहण्यास अर्धा मिनिट अधिक लागेल. सुपारीनें आखडलेल्या प्रौढाच्या तोंडाचा आणि भुकेनें सडणाऱ्या बालकाच्या तोंडाचा तसा कांहींएक संबंध नाहीं. संबंध आहे तो एवढाच कीं, दोन्ही ठिकाणीं रोग उघड्यावर असतो आणि पाहणारा पाठ फिरवून उभा असतो.

इंदिरानगरच्या त्या पहारेकऱ्याकडे परत यावें. समजा, संस्थेंतल्या एका सुशिक्षित गृहिणीनें त्याची ती अर्धवट जांभई पाहिली, आणि वस्तींत येणाऱ्या आशा कार्यकर्तीला हांक मारली. तिनें त्याला फाटकाजवळच्या बांकावर उजेडाकडे तोंड करून बसविलें. तीन बोटें गेलीं नाहींत. दोन गेलीं, तींहि ओढून-ताणून. गाल पांढुरके, पण चट्टा नाहीं, जखम नाहीं, मानेवर गांठ नाहीं. म्हणजे वेळ गेलेली नाहीं. त्याला दंतवैद्याकडे नेण्यांत आलें. तेथें त्याला जें सांगण्यांत येईल तें गोड नसेल : जें आखडलें तें पूर्ववत् होण्याची हमी नाहीं, गालांत इंजेक्शनें घ्यावीं लागतील, रोग फारच बळावला तर शस्त्रक्रिया, आणि सुपारी आज, या घटकेला बंद. ती सुटण्यासाठीं त्याला एकट्याला सोडून चालणार नाहीं. रात्रपाळीला त्याच्या हातीं चहाचा पेला देणारें आणि चौकशी करणारें कोणी तरी लागेल. ती जबाबदारी संस्थेंतल्या रहिवाशांनीं उचलली तर फार बरें.

घरीं करावयाचा एक व्यायाम मात्र त्याला तेथेंच शिकवितात. आइस्क्रीमच्या चपट्या लांकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्यें धरावयाच्या, थोडा वेळ तसेंच राहावयाचें, आणि सोसेल तशी मध्यें एक-एक काडी वाढवीत जावयाचें. दिवसांतून पांच-सहा वेळां. पहिल्या दिवशीं किती काड्या बसल्या, तो आंकडा तारखेसह भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा. पुढल्या फेरीला आशा कार्यकर्ती येईल, तेव्हां ती आधीं तो आंकडा पाहील, आणि मग खिडकीकडे बोट दाखवून म्हणेल, “दादा, इकडे बसा. चूळ भरा आणि तोंड उघडा.”